काळा डाग

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या, की नागपूरच्या भोईपुऱ्याच्या मच्छी बाजारात खेकडे येतात. भंडाऱ्याकडच्या तलावांच्या काठचे, धानाच्या बांध्यांतले, ओढ्यातल्या दगडांखालचे. काळपट तपकिरी रंग, गुळगुळीत पाठ. ओल्या पोत्यात एकमेकांवर चढताना त्यांचा जो खरखर आवाज होतो, तो मला लहानपणापासून पावसाळ्याचा आवाज वाटत आला आहे. आमच्या घरी या दिवसांत एकदा तरी खेकड्याचा रस्सा होतोच. सर्दी-खोकल्याला तो चांगला, असं आई म्हणायची, तिच्याआधी आजी म्हणायची. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, पण रश्श्याच्या बाबतीत अजूनही त्या दोघींचंच ऐकतो.

गेल्या वर्षी जुलैत नेहमीच्या मावशींकडे खेकडे निवडत होतो. एक चांगला तळहाताएवढा होता, पण त्याच्या पाठीवर उजव्या कडेला चिंचोक्याएवढा काळा डाग होता. कोळशानं टेकवल्यासारखा काळा. मी तो बाजूला ठेवला.

‘‘त्याले काहून बाजूले ठेवलं भाऊ?’’

‘‘डाग आहे मावशी. खराब असेल.’’

मावशींनी तो उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. ‘‘डाग हाय म्हणूनच त जिता हाय तो. कुठंतरी लागलं आंगाले, अन् भरून काढलं त्यानं. ज्याले भरता नाही आलं, तो माह्या पाटीपर्यंत येते कायले?’’

मी तो घेतला, पण रश्श्यात घातला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक काचेची टाकी घरी होती. तिच्यात वाळू, दोन दगड आणि चार बोटं पाणी घालून खेकड्याला तिथं ठेवलं. मावशींनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट मला माहीत होती, पण तुकड्यातुकड्यांत. बीएस्सीला आम्ही झिंग्याचं विच्छेदन केलं होतं, त्याची मज्जारज्जू अखंड बाहेर काढण्यासाठी जीव टाकला होता. त्याला जखम झाली तर तो काय करतो, हे मात्र तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. त्या काळ्या डागानं मला पुन्हा अभ्यासाला बसवलं, आणि त्या अभ्यासातला आनंद इतका होता, की तो वाटून घ्यावासा वाटतो.

खेकड्याची पहिली भिंत म्हणजे त्याचं कवच. कायटिनच्या थरांवर थर, त्यांत कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं, आणि सगळ्यांत वर मेणकट पातळ पापुद्रा. बहुतेक जंतू या भिंतीबाहेरच संपतात. खरी परीक्षा भिंतीला भोक पडल्यावर सुरू होते, कारण आत आपल्यासारखी व्यवस्था नाही. आपलं रक्त नळ्यांमधून फिरतं, धमन्यांतून केशिकांत आणि शिरांतून परत. खेकड्याचं रक्त हृदयातून धमन्यांनी निघतं खरं, पण पुढं अवयवांच्या मधल्या मोकळ्या जागेत सांडतं. यकृत, स्नायू, आतडी सगळी त्या एकाच पाण्यात बुडालेली असतात. ते फिरत फिरत कल्ल्यांतून पुन्हा हृदयाकडे येतं.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. रात्रभर कोसळलेल्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत लोकांना झोपेतच पाण्यानं गाठलं. त्या दुपारी मी एका मित्राच्या घरी चिखल काढायला गेलो होतो. कुंपणाच्या भिंतीचा एकच कोपरा पडला होता, पण पाण्यानं स्वयंपाकघर, देवघर, पुस्तकांचं कपाट यांत काही फरक केला नव्हता. एकदा आत आलं की ते सगळ्या खोल्यांचं होतं. खेकड्याच्या अंगाचं तसंच आहे. एका भोकातून रक्त बाहेर वाहून जाऊ शकतं आणि त्याच भोकातून आत आलेला जिवाणू थोड्याच वेळात कुठंही पोचू शकतो. म्हणून त्याचं सगळं संरक्षण घाईवर उभं आहे. भोक बुजवायचं, आणि आत आलेल्याला आहे तिथंच गाडायचं.

घाई किती, ते पाहायचं असेल तर पाय तुटलेला खेकडा पाहावा. शत्रूनं नांगी पकडली की खेकडा ती स्वतःच टाकून पळतो, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक असतं. ती कुठूनही तुटत नाही. पायाच्या बुडाशी तुटण्याची रेघ आधीच आखलेली असते आणि तिच्या आतल्या बाजूला पडदा तयार असतो. तुटताक्षणी रक्ताच्या दाबानंच तो बसतो आणि दार बंद होतं. जिथं अशी रेघ नाही, तिथं गोठण्याचं काम रक्तालाच करावं लागतं. जखमेपाशी पेशी फुटतात, त्यांच्यातून एक एंझाइम बाहेर येतं आणि रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे रेणू एकमेकांत विणून टाकतं. हे रक्त लाल नसतं. त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं. प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसतं. खेकडे साफ करताना बोटांना लागणारं ते पाण्यासारखं, किंचित निळी झाक असलेलं द्रव, ते त्याचं रक्त.

त्या रक्तातल्या पेशी ढोबळमानानं तीन प्रकारच्या. काहींमध्ये दाणे नसतात, काहींमध्ये थोडे, काहींमध्ये ठासून भरलेले. आपल्या रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. खेकड्याला हाडंच नाहीत. क्रेफिश या त्याच्या भाऊबंदात त्या जठराच्या वरच्या बाजूला पसरलेल्या पातळ ऊतीत तयार होतात. आलेला जंतू लहान असेल तर एखादी पेशी त्याला गिळते. जंतू पुष्कळ असतील तर पेशी त्यांच्याभोवती जमून गाठ बांधतात. आणि गिळता येणार नाही इतका मोठा परजीवी असेल तर थरावर थर चढवून त्याला जिवंत पुरतात.

पेशी जंतूला गिळतात हे माणसाला कळलं, त्यातही या कुळाचा मोठा हात आहे. इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं १८८२मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि त्याच्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. पण काटा म्हणजे रोग नव्हे. खऱ्या रोगातली झुंज त्याला दिसली ती पाणपिसूत, म्हणजे डॅफ्नियात. ही पाणपिसू खेकड्या-झिंग्यांच्याच संघातली. सुईसारखे टोकदार यीस्टचे बीजाणू ती अन्नाबरोबर गिळते, ते आतड्याची भिंत भोसकून आतल्या पोकळीत उतरतात आणि तिथं रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते, बीजाणू उगवले तर मरते. पाणपिसू काचेसारखी पारदर्शक असल्यानं हे युद्ध त्याला बाहेरून, तिला न कापता पाहता आलं. १८८४मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. १९०८चं नोबेल त्याला पॉल अर्लिकबरोबर विभागून मिळालं.

माझ्या प्रत्येक वर्गाला मी फुटाळा तलावाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे. पाणपिसू सापडली की मुलं आधी तिचं धडधडणारं हृदय पाहत आणि गप्प होत. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, ‘‘सर, हिला ताप येत असेल का?’’ मी तेव्हा तासाची घंटा होतेय असं म्हणून पुढं गेलो. आज ती मुलगी भेटली तर तिला मेचनिकोव्हची गोष्ट पूर्ण सांगेन.

आता त्या डागाकडे येतो.

खेकड्याच्या रक्तात काही प्रथिनं पहारा देत फिरतात. त्यांना जंतूंच्या जाती कळत नाहीत, त्यांना परकी वीण कळते. बुरशीच्या भिंतीत बीटा ग्लुकान असतं, जिवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकॅन किंवा लिपोपॉलिसॅकराइड. हे पदार्थ खेकड्याच्या स्वतःच्या अंगात बनतच नाहीत. त्यामुळे ते दिसले, की कुणीतरी आत शिरलं हे निश्चित. पहारेकरी प्रथिन त्याला चिकटतं आणि एक साखळी हलते. एक एंझाइम दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी दाणेदार पेशींनी बाहेर टाकलेलं प्रोफिनॉलऑक्सिडेज कापलं जातं. त्यातला ‘प्रो’ म्हणजे म्यान. म्यान उतरलं की फिनॉलऑक्सिडेज उरतं. ते फिनॉलांपासून क्विनोन नावाचे विखारी रेणू बनवतं, आणि ते रेणू एकमेकांत गुंफून मेलॅनिन होतं. हा मेलॅनिन काळा, चिवट, बुरशीच्या तंतूंनाही सहजी न पचणारा. जंतू त्यात अडकतो, विषानं मरतो, आणि त्याच काळ्या लेपानं भोकही बुजतं. पाठीवर दिसतो तो डाग.

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण ते मिठाच्या पाण्यात टाकतो. तिथलं एंझाइम वेगळ्या घराण्यातलं, पण काम हेच करतं. खेकड्याच्या एंझाइमचं घराणं मात्र मला फार हलवून गेलं. त्याचं जवळचं नातं आहे ते रक्तातल्या निळ्या हिमोसायनिनशी. रोज प्राणवायू वाहणारं ते प्रथिन विशिष्ट परिस्थितीत स्वतःच फिनॉलऑक्सिडेजसारखं वागू शकतं. श्वास पोचवणारा आणि शस्त्र चालवणारा, दोघे एका वंशाचे.

पण म्यानाचं काय? मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते त्या म्यानानं. क्विनोन जंतूला मारतात तसे खेकड्याच्या स्वतःच्या पेशींनाही मारतात. रक्त तर सगळीकडे एकच. शस्त्र मोकळं सुटलं तर अंबाझरीचं पाणी पुन्हा सगळ्या खोल्यांत. म्हणून ते निद्रिस्त रूपात साठवायचं, पेशींच्या दाण्यांत कोंडून ठेवायचं, फक्त जखमेपाशी उघडायचं आणि तिथंही आवर घालायचा. आवर घालणारी प्रथिनं रक्तात सतत हजर असतात. क्रेफिशमध्ये सापडलेलं असं एक प्रथिन पॅसिफास्टिन नावानं ओळखलं जातं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात केनेथ सोडरहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळीतल्या कड्या एकेक करून उलगडल्या. चिंचोक्याएवढा डाग चिंचोक्याएवढाच का राहिला, पसरला का नाही, याचं उत्तर या आवरण्यात आहे. मावशींनी खेकडा उलटासुलटा करून पाहिला, तेव्हा त्या बहुधा हेच पाहत होत्या. डाग कडेला बांधलेला आहे की पसरतो आहे.

हा आवर सुटला की काय होतं, ते आपण बाजारात नेहमी पाहतो. झिंगे बर्फाबाहेर राहिले की त्यांची डोकी काळी पडू लागतात. ती बुरशी नसते आणि जंतूही नसतो. प्राणी मेलेला असतो, दाण्यांची कोठारं फुटलेली असतात, आवरणारं कुणी उरलेलं नसतं आणि एंझाइम मात्र अजून काम करत असतं. कुणी शत्रू नसताना ते रंगवत सुटतं. समुद्रावरच्या बोटींवर हे थांबवायला सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात, आणि थंडीनं ते मंदावतं म्हणून मावशी दर तासाला बर्फाचा चुरा झिंग्यांवर ओढत असतात. एकच काळा रंग. जिवंत खेकड्याच्या पाठीवर तो रफू असतो, मेलेल्या झिंग्यावर तो कुणी न थांबवलेला हात.

युरोपातल्या क्रेफिशची कहाणी या म्यानाशी जोडलेली आहे. हा शेवंडासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला प्राणी आपल्याकडे मुळात नाही. १८६०च्या सुमारास इटलीत त्यांच्यात एक साथ सुरू झाली, नदीमागून नदी रिकामी करत ती १९०७मध्ये स्वीडनला पोचली. बुरशीसारखा दिसणारा ॲफॅनोमायसिस नावाचा जीव कवचात शिरून आत वाढत होता. तो मूळचा अमेरिकेतला. अमेरिकी क्रेफिशच्या कवचातही तो शिरतो, पण तिथं त्याच्या तंतूंभोवती लगेच काळं वेष्टण बसतं आणि तो वर्षानुवर्षं कैदेत राहतो. संशोधकांना दिसलं, की अमेरिकी जात प्रोफिनॉलऑक्सिडेजचं उत्पादन सतत चढं ठेवते. युरोपी जात ते गरज पडल्यावर वाढवते, आणि तोवर उशीर झालेला असतो. १९६०च्या दशकात स्वीडननं ओस पडलेल्या पाण्यात अमेरिकी क्रेफिश आणून सोडले. ते जगले, पण आपल्या कवचात कैद केलेला शत्रू बरोबर घेऊनच. त्यामुळे उरलेल्या स्थानिकांचं मरण आणखी जवळ आलं. हे वाचल्यावर मी त्या रात्री टाकीतल्या खेकड्याकडे बराच वेळ पाहत बसलो होतो. त्याचा तो डाग बंद कोठडी आहे की बुजलेली कबर, हे बाहेरून कळत नाही.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात तिच्या मांडीवर झोपून मी ते बोटांनी मोजायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. ती तीन वर्षांची असताना अंगावर देवी आल्या होत्या, त्याच साथीत तिची थोरली बहीण गेली. आजीला त्या तापातलं काहीच आठवत नव्हतं. बहिणीचा चेहराही नाही. पण तिच्या रक्तातल्या पेशींनी त्या विषाणूची आठवण जपली होती, म्हणून पुढं वस्तीत देवी आल्या तरी आजी आजाऱ्यांच्या उशाशी निर्धास्त बसायची. माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लशीची गोल खूण आहे. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५चा, आणि १९८०मध्ये जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. माझ्या मुलीचा दंड त्या जागी स्वच्छ आहे. तीन पिढ्यांच्या कातडीवर एका रोगाचा शेवट लिहिलेला आहे.

खेकड्याकडे अशी आठवण ठेवणाऱ्या पेशी नाहीत आणि प्रतिपिंडंही नाहीत. याचं दुःख आपल्या देशातल्या कोळंबी शेतकऱ्यांनी फार मोठ्या किमतीला जाणलं. १९९४पासून पूर्व किनाऱ्यावरच्या तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू पसरला. तो आला की कवचावर पांढरे ठिपके उठतात आणि तीन ते दहा दिवसांत तळंच्या तळं मरू शकतं. मुलाला टोचतो तशी लस कोळंबीला देऊन वर्षानुवर्षांचं संरक्षण मिळत नाही. म्हणून रोगमुक्त बीज, पाण्याची स्वच्छता आणि खेकडे तळ्यात शिरू नयेत म्हणून कुंपण, यांवर भर असतो. खेकडे तो विषाणू अंगात बाळगून स्वतः तगू शकतात.

तरीही ‘आठवण नाही’ असं म्हणून पान उलटता येत नाही. आजी पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, नारूच्या भीतीनं. नारूचा जंतू पोटात नेणारा तो पाण्यातला ठिपक्याएवढा सायक्लॉप्स, तोही खेकड्याच्याच संघातला. फडक्यात तो अडकतो. २०००मध्ये भारत नारूमुक्त ठरला, त्यात अशा लाखो फडक्यांचा वाटा आहे. याच सायक्लॉप्सच्या एका नातेवाईकावर जर्मनीत कुर्ट्झ आणि फ्रांझ यांनी केलेला प्रयोग २००३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी त्याला पट्टकृमीच्या अळ्यांशी दोनदा गाठ घालून दिली. दुसऱ्या वेळच्या अळ्या पहिल्या अळ्यांची सख्खी भावंडं असल्या, तर संसर्ग कमी झाला. परक्या कुळातल्या असल्या, तर तेवढा कमी झाला नाही. प्रतिपिंडं नाहीत, आपल्यासारख्या स्मृतिपेशी नाहीत, तरी त्या मिलिमीटरभर जिवानं ओळख ठेवली होती. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

सप्टेंबरच्या शेवटी टाकीतल्या खेकड्यानं खाणं सोडलं. दोन दिवस तो दगडाच्या आडोशाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर टाकीत दोन खेकडे! एक रिकामा, पाठीमागून उघडलेला, डोळ्यांच्या टोप्यांसकट सगळा जागच्या जागी. दुसरा दगडाखाली, मऊ, ओल्या कणकेसारखा, पहिल्यापेक्षा मोठा. कात टाकलेला खेकडा काही दिवस अगदी उघडा असतो. भिंत असते, पण अजून मऊ. या दिवसांत तो लपतो, आणि टाकलेलं कवच कुरतडून कॅल्शियम परत मिळवतो. मी पायांचे तुकडे त्याच्यासाठी राहू दिले, फक्त पाठीची ढाल हळूच काढून घेतली. काळा डाग तिच्यावर होता, आरपार. नव्या पाठीवर त्या जागी काहीच नव्हतं. जखम कवचापुरती असेल तर ती कवचाबरोबर जाते. खोल गेली असेल तर राहते. याची गेली होती.

कवच टणक झाल्यावर एका रविवारी मी ढाल कागदात आणि खेकडा डब्यात घेऊन भोईपुऱ्यात गेलो. मावशींना आधी ओळख पटेना. मग ढाल हातात घेऊन त्यांनी ती उजेडाकडे धरली, डागावर अंगठा फिरवला आणि खेकडा डब्यातून उचलून त्याची उजवी कड पाहिली. पुन्हा ढाल पाहिली.

‘‘एवढं भरून काढलं, अन् मंग टाकूनच देल्लं?’’

‘‘हो मावशी.’’

त्यांनी खेकडा पोत्यात टाकला नाही. मागं ठेवलेल्या बादलीत सोडला. ‘‘शनिवारी पोरगा गावाले जाते, तलावात सोडून देईन तो.’’ ढाल मात्र अजून त्यांच्या हातातच होती.

‘‘मंग त्याले आता आठवत असन का भाऊ, का आपल्याले कधी लागलं होतं म्हणून?’’

मी आजीबद्दल सांगायला लागलो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि मावशींनी ढाल तराजूशेजारी कोरड्या जागी ठेवून पोत्याचं तोंड उघडलं.